खालच्या गल्लीचा हौद

मी ग्रामसेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा आमचं राज्य नुकतंच बदललं होतं. आम्ही होतो तिथेच होतो, बऱ्हाणपुरात. पण राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि नागपूर-वऱ्हाडचे जिल्हे आमच्यातून निघून मुंबईकडे गेले होते. वडील शाळेत शिक्षक. त्यांच्याबरोबर शिकलेली कितीतरी माणसं पलीकडच्या राज्यात राहिली. घरी कोणी आलं की चहा देताना आई विचारायची, "तुम्ही इकडे की तिकडे?" वडिलांनी या बदलावर फारसं मत दिलं नाही. फक्त मला रोज संध्याकाळी एक पान हिंदीतून लिहायला लावलं, कारण पुढे माझे सगळे अहवाल हिंदीतून जाणार होते. बाजारात आणि शेजारीपाजारी तीच भाषा असल्यामुळे बोलायला मला अडचण नव्हती. लिहिताना मात्र हिंदीत पाणी पुल्लिंगी आहे हे दर वेळी आठवावं लागे.

मला मिळालेलं गाव निंबोल्याच्या पुढे, गाडीवाटेनं थोडं आत होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की माणसं ओळखू येतील. गावात एकच मोठी गल्ली होती आणि ती उतारावर होती. वरच्या टोकाला मारुतीचं देऊळ आणि सरपंचांचं घर. तिथली जमीन मुरमाड. खाली येता येता माती काळी होत जाई आणि घरंही लहान होत जात. शेवटचं घर ओलांडलं की एक सखल तुकडा, आणि त्यापुढे नाला. प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी, म्हणजे आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं, गल्लीच्या मधून वाहायचं. वरच्या घरांच्या दारात त्याची बारीक धार असे, मधल्या घरांच्या दारात चिखल, आणि खालच्या घरांना उंबऱ्याबाहेर दगड टाकून त्यावरून ये-जा करावी लागे. हिवतापाचे रोगी बहुतेक खालच्या घरांतले असत. गोळ्या वाटायला मी जायची तेव्हा लुगडं सावरून दगडावरून उड्या मारत जायची, आणि बायका मला हसायच्या.

मी सरपंचांच्या घरामागच्या खोलीत राहायची. गावानं मला बहेनजी म्हणायला सुरुवात केली होती, कारण खंड कार्यालयाचे, म्हणजे ब्लॉकचे, साहेब तसं म्हणायचे.

हे सगळं पाणी ज्या सखल तुकड्यात जमायचं तो तुकडा एका बाईचा होता. तिचं घर गल्लीतलं शेवटचं. वय चाळिशीच्या आसपास, बांधा सडसडीत, बोलणं कमी. मी तिला काकी म्हणायची. तिचा नवरा कापसाच्या हंगामात बऱ्हाणपूरला जिनिंगमध्ये कामाला जाई आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येई. एक मुलगी, लग्नाच्या वयाची. शेजारच्या घरात दीर आणि जाऊ. दिराकडे नाल्यापलीकडची थोडी कोरडवाहू जमीन होती. वाटणीत काकीच्या वाट्याला हा सखल तुकडा आला होता. कोणाला नको होता म्हणून तो तिच्याकडे आला, असं ती स्वतःच सांगायची. तिनं त्या पाण्यावर अळू लावलं, कडेनं केळी लावल्या, आणि नाल्याच्या अंगाला जनावरांसाठी गवत. घर त्यावरच चालायचं. अळूच्या पानांच्या गड्ड्या बांधून ती बाजाराच्या दिवशी बऱ्हाणपूरला नेत असे. गावातलं कोणी ते अळू खात नव्हतं. ते कशावर वाढतं हे गावाला रोज दिसत होतं.

एकदा सुट्टीत घरी गेले तेव्हा आई अळूच्या पातोड्या, म्हणजे वड्या, करत होती. पानं कुठून आणली, विचारलं. तिनं जिचं वर्णन केलं ती काकीच होती. मी आईला त्या तुकड्याबद्दल सगळं सांगितलं. आईनं हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, पानं मोठी आणि कोवळी असतात हे खरं आहे, आणि आपण वाफवून खातो. पुढच्या आठवड्यातही तिनं तिच्याकडूनच घेतली. फक्त दोनदा जास्त धुतली.

दिवाळीनंतर खंड कार्यालयाचे साहेब जीपनं आले. ते रीव्याकडचे होते. नव्या राज्यात त्यांची इकडे बदली झाली होती. उंच, चष्मा लावणारे, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. देवळाच्या ओट्यावर सभा झाली. ते हिंदीतून बोलले आणि मी मराठीतून सांगितलं. तशी गरज नव्हती. सगळ्यांना हिंदी कळत होती. पण साहेबांना वाटे की सांगायला हवं, आणि गावालाही एकच गोष्ट दोनदा ऐकायला हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्त्यावरून वाहणारं पाणी रोग आणतं, तेव्हा प्रत्येक घरानं आपलं पाणी आपल्याच जागेत जिरवावं. त्यासाठी घरामागे कमरेइतका खड्डा खणायचा. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू भरायची. तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं ठेवायचं आणि त्यात काथ्या किंवा गवत कोंबायचं. भांडी घासायची राख आणि खरकटं मडक्यात अडकतं, पाणी खाली उतरून जमिनीत मुरतं. आठवड्याला मडक्यातलं गवत बदललं की झालं. नागपूरहून पूर्वी आलेल्या पत्रकात याला शोषखड्डा म्हटलं होतं. भोपाळच्या पत्रकात सोख्ता गड्ढा लिहिलं होतं. गावानं दोन्ही सोडून सोकतं असं नाव ठेवलं.

त्या हिवाळ्यात मी बहुतेक वेळ सोकत्यांवर घालवला. वरच्या गल्लीत मुरूम भराभर खणला गेला आणि खड्डे पाणी लगेच पिऊ लागले. सरपंचांच्या बायकोनं आपल्या खड्ड्याभोवती तुळस लावली. खालच्या घरांनीही खड्डे केले. काळी माती खणायला जड गेली, पण थंडीत ती भेगाळलेली असल्यामुळे पाणी मुरत होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला गल्ली कोरडी झाली. मुलं गल्लीच्या मधोमध गोट्या खेळू लागली. पूर्वी तिथे चिखल असे. साहेब दुसऱ्या गावच्या सरपंचांना घेऊन आले आणि त्यांना वरपासून खालपर्यंत चालवत नेलं. कोणाचाही पाय ओला झाला नाही. मला समाधान वाटलं, हे नाकारत नाही.

चैत्रात काकी माझ्या खोलीवर आली. ती कधी येत नसे, म्हणून मी आजारपण असेल असं धरलं. ती दारातच बसली. केळीचं एक पान तिनं बरोबर आणलं होतं, कडेनं करपलेलं. ते तिनं माझ्यापुढे ठेवलं.

"बहेनजी, माह्यं पानी कुठी गेलं?"

मी तिला सोकत्याचं काम पुन्हा समजावून सांगितलं. पाणी कुठे गेलेलं नाही, ज्याच्या त्याच्या घरामागे जमिनीत गेलं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. खड्डा तिनं स्वतःही केला होता, त्यामुळे तिला त्यातलं काही नवीन नव्हतं. अळू पिवळं पडून बसलं आहे, केळीचे घड अर्धे राहिले आहेत, गवत तर गेलंच, असं तिनं सांगितलं. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. मग तिनं विचारलं, आता तिनं काय करावं. मी म्हटलं, साहेबांना विचारते. ती उठली आणि पान तिथेच ठेवून गेली.

साहेबांना मी विचारलं. त्यांनी प्रश्न नीट ऐकला आणि म्हणाले की एका घरासाठी सगळ्या गल्लीला चिखलात ठेवता येणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

काकीनं माझी वाट पाहिली नाही. माझ्या खोलीवर येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती खांद्यावर काठी आणि काठीला दोन पत्र्याचे डबे अडकवून गल्लीच्या वरच्या टोकाला गेली. तिथून घरोघर थांबत खाली आली. मोरीचं पाणी सोकत्यात सोडण्याआधी माझ्या डब्यात घाला, असं तिचं मागणं. लोकांना काय करावं कळेना. उष्टं-खरकटं पाणी कोणाच्या हातात द्यायचं, तेही आपल्याच समाजातल्या बाईच्या, याची सवय नव्हती. सरपंचांच्या बायकोनं तिला ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली की बाई, असं मागत फिरू नकोस, बरं दिसत नाही. काकी म्हणाली, मागत कुठे आहे, तुम्ही टाकता ते नेते आहे. तिला पाणी मिळालं. उन्हाळाभर ती सकाळी दोन-तीन खेपा करायची आणि त्या पाण्यावर केळी जगल्या. अळू मात्र गेलं.

यातून एक गोष्ट घडली, जी माझ्या अहवालात लिहायला जागा नव्हती. काकी रोज पाणी न्यायला येते म्हटल्यावर लोकांना त्या पाण्याचा उपयोग दिसायला लागला. मधल्या गल्लीतल्या एकीनं सोकत्याशेजारी केळीचे दोन मुनवे लावले. मग दुसरीनं लावले. पावसाळ्यापर्यंत बहुतेक घरांमागे केळ उभी राहिली, आणि ज्या घरी केळ होती तिथून काकीला डबा रिकामा परत मिळू लागला. तिला कोणी वाईट बोललं नाही. आज पाणी कमी आहे, एवढंच सांगत.

पावसाळ्यात काळी माती फुगली आणि तिच्या भेगा मिटल्या. खालच्या गल्लीतल्या खड्ड्यांनी पाणी घेणं बंद केलं. आधी मडकी भरून वाहू लागली, मग खड्डेच. घरामागचं पाणी घराच्या भिंतीला लागलं. पूर्वी ते निदान वाहून जात होतं, आता ते घराघरांमागे साचून राहिलं. वरच्या गल्लीला काहीच त्रास नव्हता. वरची माणसं म्हणत, खालच्यांनी गवत वेळेवर बदललं नसेल. मी घरोघर जाऊन पाहिलं. गवत बदललेलं होतं.

साहेब आले तेव्हा जीप गाडीवाटेवर रुतली. उरलेलं अंतर ते बूट हातात घेऊन चिखलातून चालत आले. त्यांनी खालचे सगळे खड्डे पाहिले, एकात काठी घालून खोली बघितली आणि मला म्हणाले, "बहनजी, ये गड्ढे यहाँ नहीं चलेंगे. लिख दीजिए." वरिष्ठ माणूस आपली योजना चुकली असं इतक्या सरळपणे म्हणताना मी तोवर पाहिला नव्हता. पुढे काय करायचं याचा नकाशाही त्यांनीच काढला. खालच्या घरांच्या मागून एक झाकलेली गटार न्यायची. ती शेवटी एका हौदात सोडायची. हौदाचे दोन भाग. पहिल्यात गाळ खाली बसेल आणि तेलकट साय वर राहील. मधल्या भिंतीतल्या नळीतून निवळ पाणी दुसऱ्यात जाईल. तिथून दगडगोट्यांनी भरलेल्या, कर्दळ लावलेल्या चरातून ते बाहेर पडेल. असं पाणी नाल्यात सोडलं तरी चालेल आणि शेताला दिलं तर उत्तम.

हौदाला जागा एकच होती, काकीच्या तुकड्याचं वरचं टोक. पंचायतीच्या बैठकीत सरपंच म्हणाले की गावाच्या कामाला जागा द्यावी लागेल. काकी देवळाच्या पायरीशी बायकांमध्ये बसली होती. तिथूनच तिनं सांगितलं की जागा देते, पण हौदातून निघेल ते पाणी तिचं आणि बसेल तो गाळही तिचा. कोणी हरकत घेतली नाही. मग प्रश्न आला की गाळ काढणार कोण. महिन्या-दोन महिन्यांनी पहिला भाग उपसावा लागणार होता. शहरातून माणूस बोलवावा, असं एकानं सुचवलं. तो दर खेपेला येणार का, यावर थोडी चर्चा झाली. काकी म्हणाली, "गाळ माह्या, तं मीच काढीन." बैठक संपली. तेव्हा तरी यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

दिवाळीनंतर हौद बांधला गेला. दगड गावानं आणले, चुना आणि गवंडी खंड कार्यालयानं दिला. हौद चालला. गटारीतून काळपट पाणी येई आणि चराच्या शेवटी जे बाहेर पडे त्याला थोडा वास असे, पण घाण दिसत नसे. काकीनं अळू पुन्हा लावलं. केळीचे मुनवे मात्र तिनं हौदाच्या अगदी भिंतीशी लावले. मी आणि गवंड्यानं सांगूनही तिनं ते हलवले नाहीत. पुढे मुळांनी भिंतीला चीर पाडली आणि ती तिलाच बुजवावी लागली. पहिला गाळ तिनं पौषात उपसला. लुगड्याचा काष्टा मारून हौदात उतरायची, घमेलं भरून वर द्यायची, मुलगी ते ओढून वाफ्यात टाकायची. गाळ वाळला की त्याला वास राहत नसे.

माघात मुलीला डोईफोडिया गावचं स्थळ आलं. घर चांगलं होतं, जमीन होती. मुलानं तिला कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं आणि तिनंही त्याला पाहिलं होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, बोलणी सुपारीपर्यंत आली. मग तिकडून निरोप आला. त्यांच्या कानावर गेलं होतं की मुलीची आई गावाच्या मोऱ्यांचा गाळ उपसते. ते काम ज्यांचं त्यांनी करावं, आपल्यातल्या बाईनं करावं हे त्यांना पसंत नव्हतं. ते थांबलं तर पुढे बोलू, असं त्यांनी कळवलं होतं. निरोप दिराकडे आला होता. दिरानं तो काकीला सांगितला, आणि आपल्याकडून जोडलं की भाऊबंदांतही हेच बोललं जातं आहे. उद्या त्याच्या मुलांचंही अडेल.

पुढच्या सुट्टीला नवरा जिनिंगमधून आला. त्या दिवशी मी गोळ्या द्यायला त्यांच्या घरी गेले होते, म्हणून ते बोलणं माझ्यासमोर झालं. माझ्यापासून लपवावं असं त्यांना वाटलं नाही. मुलगी चुलीपाशी पाठ करून बसली होती. नवरा शांत माणूस होता. त्यानं आधी बायकोची बाजू मांडली, म्हणजे हे काम वाईट नाही आणि घर त्यावर चालतं असं म्हणाला. मग म्हणाला, "काम सोड असं नही म्हनत मी. पोरीचं होऊ दे, मंग कर."

"हौद तवर थांबत नही," काकी म्हणाली.

यावर मुलगी वळली. मला वाटलं ती आईच्या बाजूनं बोलेल. गाळाचं घमेलं ओढणारी तीच होती. ती म्हणाली, "तुला हौदच पाह्यजे. मला ते घर पाह्यजे व्हतं." आणि रडू लागली. काकीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. नंतर तिनं नवऱ्याला सांगितलं की डोईफोडियाला कळवा, काम बंद केलं.

तिनं खरोखरच बंद केलं. घमेलं आणि फावडं घरामागे पालथं घालून ठेवलं. सरपंचांनी शहरातून माणूस बोलवायचा प्रयत्न केला. एकजण आला, हौद पाहिला, एवढ्याशा कामासाठी इतक्या लांब पुन्हा येणार नाही म्हणाला आणि गेला. फाल्गुनात पहिला भाग गाळानं भरला. नळी बुजली. गटार मागे भरत आली आणि खालच्या घरांच्या मोऱ्यांतून उलटं पाणी वर येऊ लागलं. सगळ्यात आधी ते दिराच्या घरात आलं, कारण खालच्या घरांत सगळ्यात सखल मोरी त्याचीच होती. जाऊ सकाळी आंघोळीला गेली तर मोरी भरलेली.

त्या आठवड्यात मी खालच्या गल्लीतल्या बायकांना एकत्र बोलावलं. एरवी त्या माझ्याकडे शिवण शिकायला येत असत. मी त्यांना विचारलं की आता काय करायचं. सगळ्यांनी काकीकडे पाहिलं. काकी खाली बघत बसली. एकीनं म्हटलं, बाई, आतापर्यंत तू करत होतीस. दुसरी म्हणाली, तिच्या पोरीचं अडलंय ना. माझ्या मनात घराघराला उपसायची पाळी लावायचं होतं. पण मी म्हटलं असतं तर तो सरकारी हुकूम ठरला असता, म्हणून मी थांबले. थांबणं शहाणपणाचं होतं की भित्रेपणाचं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बोलली ती जाऊ. ती फार हुशार किंवा पुढारलेली बाई नव्हती. काकीशी तिचं फारसं पटतही नसे. कुडाच्या आतली कोंबडी बाहेर कोणी सोडली यावरून त्यांची महिनाभर अबोला धरण्याइतकी भांडणं होत. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या मोरीत सगळ्याइचं पानी येऊन ऱ्हायलं. त्यात कोनाचं कोनतं ते काय समजते? मी उतरते. पुढच्या खेपेला दुसरीनं उतरा." आणि ती काकीच्या घरामागे गेली, पालथं पडलेलं घमेलं उचललं आणि हौदाकडे निघाली. बायका मागोमाग गेल्या. मीही गेले.

ती उतरली तेव्हा तिला ते जमेना. घमेलं किती भरायचं हे कळत नव्हतं. जास्त भरलं की उचलता येत नसे. काकी थोडा वेळ काठावर उभी होती. मग म्हणाली, अर्धं भर, आणि वरून हात दिला. ओळीनं उभं राहून बायकांनी घमेली पुढे दिली. दुपारपर्यंत नळी मोकळी झाली. गटारीतलं पाणी ओसरलं तसा आवाज झाला आणि मुलं बघायला धावली. दीर शेतावरून आला तेव्हा त्याची बायको नाल्यावर हातपाय धूत होती. तो तिला काय म्हणाला मला माहीत नाही. बाहेर तो काही बोलला नाही. बोलणार तरी काय होता? खालच्या गल्लीतलं प्रत्येक घर त्या दिवशी गाळाला हात लावून बसलं होतं. एकाला वेगळं काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागलं असतं.

त्यानंतर पाळी ठरली. खालच्या गल्लीतल्या घरांनी आळीपाळीनं उपसायचं. पाणी कबूल केल्याप्रमाणे काकीचंच राहिलं. गाळाचा हक्क तिनं सोडला. ज्याची पाळी त्याचा गाळ. पहिले काही महिने पाळी चुकवायचे प्रयत्न झाले. एका घरानं पाहुणे आहेत म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पाय मुरगळला म्हणून. दोन्ही वेळा जाऊ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिला हे काम आवडायचं नाही, पण दुसऱ्यानं टाळलेलं त्याहून आवडायचं नाही.

डोईफोडियाच्या लोकांनी मात्र तोवर दुसरीकडे सुपारी फोडली होती. काकीनं काम बंद केलं होतं त्याच दिवसांत फोडली होती. म्हणजे काम थांबलं किंवा न थांबलं, त्यानं फरक पडला नसता. हे मुलीलाही कळलं. तेव्हापासून आईशी ती लागेल तेवढंच बोलू लागली. एकत्र अळू कापायच्या, गड्ड्या बांधायच्या, आणि मधे शब्द नसे. हे बरेच महिने चाललं. काकीनं त्याबद्दल माझ्याजवळ एकदाच विषय काढला. पोरगी बोलत नाही, एवढं म्हणून तिनं कोयत्याची धार बघितली आणि पुन्हा कापायला लागली.

पुढच्या वर्षी मुलीचं लग्न चांदनीच्या मुलाशी झालं. सासरा रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता, नवराही तिथेच लागला होता. त्या लोकांनी मुलीच्या आईबद्दल काही विचारलं नाही. त्यांना घरातली माणसं कामाची आहेत एवढं पुरेसं होतं. लग्न देवळासमोर झालं. वरच्या आणि खालच्या दोन्ही गल्ल्यांनी वाढायला हात लावला. मुलगी गाडीत बसताना आईच्या गळ्यात पडली, पण तसं सगळ्याच मुली करतात. त्यावरून काही ठरवता येत नाही.

त्याच सुमारास साहेबांची बदली सागरकडे झाली. नवे साहेब आले. त्यांना हौदापेक्षा सोकत्यांच्या संख्येत रस होता, आणि मी त्यांना वरच्या गल्लीतले सोकते दाखवत राहिले. नंतर माझीही बदली झाली, खकनारच्या बाजूला. निघताना गावानं मला साडी-नारळ दिला. काकी देवळापर्यंत आली नाही. आदल्या दिवशी माझ्या खोलीवर येऊन बसून गेली होती.

खकनारकडे असताना एकदा कामासाठी मी चांदनीला उतरले. पॅसेंजर उशिरा आली होती आणि पुढची बैलगाडी यायला वेळ होता. स्टेशनजवळच्या वस्तीत मी विचारत गेले तर त्या मुलीचं घर सापडलं. कडेवर वर्षाचं मूल होतं. तिनं मला खाट टाकून बसवलं, चहा केला. सासू आत काम करत होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मूल कोणासारखं दिसतं, पाऊस कसा आहे. मी आपण होऊन आईचा विषय काढला नाही. तिनंच काढला. बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हाचं सांगत होती. आईनं रात्रंदिवस केलं, म्हणाली. घराची उपसायची पाळी होती त्या दिवशी सुद्धा मुलीला हौदाकडे जाऊ दिलं नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "माय बरोबर व्हती का चूक, ते मी अजून ठरवलं नही, बहेनजी."

मी म्हटलं, ठरवायलाच हवं असं नाही.

तिनं मान हलवली. ते पटलं म्हणून की नुसतंच ऐकलं म्हणून, ते मला समजलं नाही. तेवढ्यात मूल रडायला लागलं आणि ती त्याला घेऊन आत गेली. परत आली तेव्हा तिनं विचारलं की खकनारकडे मला राहायला जागा कशी मिळाली, तिथे एकटीला करमतं का. मी सांगितलं. बाहेर बैलगाडीवाला हाक मारू लागला तशी मी उठले. ती वस्तीच्या टोकापर्यंत सोडायला आली, मुलाचा हात धरून त्याला टाटा करायला लावलं, आणि सासूनं हाक मारल्यावर लगबगीनं परत गेली.